काय ऐकलंत?

आमच्या घरात संध्याकाळची माळ संपली की गप्प बसायची रीत होती. माळ म्हणजे जपमाळ. आम्ही ख्रिस्ती. ठाण्याच्या खाडीच्या अंगाला आमची दहा-बारा घरं आहेत, पोर्तुगिजांच्या वेळेपासूनची. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, आणि पोट मिठागरावर. ही गप्प बसायची रीत मात्र सगळ्या घरांत नव्हती, फक्त आमच्यात होती. माझ्या बापाला एका म्हाताऱ्या फादरांनी सांगितलेलं, की माणूस प्रार्थनेत नुसता आपलंच बोलतो, देवाला बोलायला जागा ठेवत नाही. म्हणून माळ झाल्यावर पाच वेळा 'आमच्या बापा' म्हणायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ गप्प बसायचं. ऐकायचं. मग घरच्या कर्त्याने खाकरायचं. त्याच्या बायकोने विचारायचं, "काय ऐकलंत?" आणि कर्त्याने सांगायचं.

बाप गेल्यावर कर्ता मी झालो. विचारणारी लुर्दस झाली, माझी बायको.

खरं सांगतो, बहुतेक वेळा मला काही ऐकू येत नसे. मग मी माझ्याच मनातलं सांगायचो. भांडू नका म्हणतो. आजाऱ्याला पेज नेऊन द्या म्हणतो. चांगल्याच गोष्टी असायच्या, म्हणून मला त्यात पाप वाटलं नाही. पण एकदा खरोखर ऐकू आलेलं. बांधावरून माझं आणि माझ्या भावाचं वैर पडलेलं. मी गप्प बसलेलो ते त्याचं डोकं कसं फोडायचं याचा विचार करत. आणि कोणीतरी म्हणालं, "पुरे." पलीकडच्या खोलीतून माणूस बोलतो तसं, साधं. दुसऱ्या दिवशी मी भावाकडे जाऊन जेवलो. त्या एका शब्दामुळे देव बोलतो तेव्हा कसं वाटतं हे मला माहीत झालं. माहीत नसतं तर पुढचं मला एवढं जड गेलं नसतं.

सन अठ्ठेचाळीसचा मे महिना. कल्याणच्या पुढे, विठ्ठलवाडीच्या बाजूला लष्कराच्या रिकाम्या बराकी होत्या. त्यांत सिंधमधून आलेली माणसं ठेवलेली. हजारोंनी. त्यांत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ सुरू झाली. रविवारी देवळात मिस्सा झाल्यावर फादरांनी सांगितलं, तिथे बाया अडल्यात, सुईणी कमी पडतात, कोणाला जायची बुद्धी झाली तर आठ-दहा दिवस जा. लुर्दस सुईण होती. तिच्या आईकडून शिकलेली. आमच्या वस्तीतली निम्मी पोरं तिच्या हातांत जन्मलेली, आणि भिवा आगऱ्याची तिन्ही. भिवा मिठागरात माझ्या जोडीला असतो.

लुर्दस घरी येऊन कामाला लागली. रात्रीचा तांदूळ निवडताना म्हणाली, "आज माळेला हेच विचारूया. जाऊ का नको."

मी म्हटलं, "विचारूया."

पाऊस तोंडावर आला की मिठागरात उसंत नसते. पडलेलं मीठ आठवड्यात ओढून, रास करून, झाकून व्हायला हवं. त्या दिवशी रविवार असूनही मिस्सेचा वेळ सोडला तर मी सगळा दिवस मिठाच्या वाफ्यात होतो. खारट पाण्यात उभं राहून पायांना भेगा पडलेल्या. माळ कशीबशी म्हटली. गप्प बसलो. भिंतीला पाठ टेकली.

आणि मी झोपलो.

खांद्याला हात लागला. डोळे उघडले तर लुर्दस माझ्याकडे बघत होती. आमची मुलगी जुली, ज्युलियाना, तेव्हा बारा वर्षांची होती, ती पण बघत होती. लुर्दसने विचारलं, "काय ऐकलंत?"

झोपलो म्हणायची मला लाज वाटली. मुलीसमोर. तिने एवढी मोठी गोष्ट विचारलेली आणि कर्ता भिंतीला टेकून झोपला. मी म्हटलं, "जा म्हणतो."

नुसतं 'जा'. आपल्यात घरातून निघणाऱ्याला नुसतं 'जा' कोणी म्हणत नाही. जाऊन ये म्हणतात. निघणारासुद्धा जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. हिंदू असो की ख्रिस्ती, ही गोष्ट आईच्या दुधाबरोबर येते. पण झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडातून जेवढं आलं तेवढं आलं, आणि ते मी देवाच्या नावावर घातलं. बोललेलं परत कसं घेणार? दुरुस्त केलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं. देव एकदा जा म्हणाला आणि मग म्हणाला थांब, जाऊन ये?

ती मंगळवारी गेली. नवव्या दिवशी निरोप आला. मी पोचलो तोवर पुरून झालेलं. पटकीच्या माणसाला ठेवत नाहीत. कल्याणच्या दफनभूमीत मला एक जागा दाखवली, वर पांढरा चुना टाकलेला. तोंड बघायला मिळालं नाही. मी तिथे उभा राहून मिठाचाच विचार करत होतो. चुना तसाच दिसत होता. वाफ्यात मीठ पडायला लागतं तेव्हा पहिल्यांदा दिसतं तसा.

पापनिवेदनाला गेलो तेव्हा म्हटलं, फादर, मी एकदा खोटं बोललो. कोणाशी, काय, ते सांगितलं नाही. आणखी पाच-सहा बारीकसारीक पापांच्या मध्ये ते घालून टाकलं. फादरांनी तीन 'नमो मरिया' म्हणायला सांगितल्या. मी म्हटल्या. एवढ्या प्रार्थना त्या पापाच्या मापाच्या नव्हत्या, हे मला माहीत होतं.

ती गेल्यानंतर पहिल्या संध्याकाळी जुली आणि मी माळेला बसलो. माळ संपली, गप्प बसलो. माझ्या उजव्या हाताला लुर्दसची चटई असायची, ती गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली. पाचवा 'आमच्या बापा' संपला. मी खाकरलो नाही. तरी उजवीकडून आवाज आला, "काय ऐकलंत?"

तिचाच. जुलीने मान वर केली नाही, म्हणजे तिला ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. रागाने नाही, रडून नाही. रोज विचारायची तसंच. चौथ्या दिवसापासून मी रीत मोडली. शेवटचा मणी हातात आला की क्रूस करायचा आणि उठायचं. जुलीने एकदा विचारलं, "बाबा, आता गप्प नाही बसायचं?" मी म्हटलं, "ते दोघं कर्ते असले की." असा काही नियम नव्हता. तिने ऐकून घेतलं.

पण गप्प बसायचं सोडून गप्प राहायचं सुटतं का? वाफ्यात वारा पडायचा, सगळं पाणी आरशासारखं व्हायचं, भिवा तंबाखू मळत असायचा, आणि माझ्या उजवीकडून, "काय ऐकलंत?" मी मोठ्याने बोलायला लागलो. दिवसभर काहीतरी बोलत राहायचो. भिवा म्हणायचा, "पायस, तुजी बायको व्हती तवा तू मुका व्हतास. आता रेडिओ झालायस रं."

अशी सात वर्षं गेली.

जुली शिकली. सातवी पास झाली. नौपाड्यात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला लागली. सुया उकळायची, जखमा बांधायची, रडणाऱ्या पोरांना धरायची. हात आईचे. डॉक्टर म्हणाले, ही मुलगी नर्स व्हायला हवी. पंचावन्न सालच्या एप्रिलमध्ये तिने माझ्यासमोर एक कागद ठेवला. ख्रिस्ती सिस्टरांनी एक दवाखाना काढलेला, तिथेच राहून तीन वर्षं शिकायचं. एक तारखेला हजर व्हायचं.

"कुठे आहे हा?" मी विचारलं.

तिने कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "विठ्ठलवाडीला. कॅम्पात."

मी कागद उलटा करून ठेवला.

"आता पटकी नाही तिथे, बाबा. नळ आलेत. बाजार आहे, शाळा आहेत."

"तुला दुसरीकडे नाही मिळणार?"

"मिळेल. पण मला तिथे जायचंय." मग ती म्हणाली, "मी तुमच्या मनाविरुद्ध नाही जाणार. देवाला विचारूया. आय विचारायची तसं. माळेनंतर."

मला नाही म्हणता आलं नाही. कर्ता बाप आपल्या मुलीला देवाला विचारू नको म्हणून कसा सांगणार?

माळ झाली. सात वर्षांनी आम्ही गप्प बसलो. जुलीने डोळे मिटलेले. समईसारखी सरळ बसलेली. मी झोपणार नव्हतो, मला झोप येणंच शक्य नव्हतं. मी ऐकायला बसलो तो देवाला नाही, उजवीकडे. पहिला झाला. दुसरा. तिसरा. चुन्याचा वास आला, घरात चुना नव्हता. पाचवा संपला आणि ती म्हणाली, "काय ऐकलंत?"

जुली माझ्याकडे बघत होती. तिनेही तेच विचारलं. दोघींचे शब्द एकावर एक पडले.

मी म्हटलं, "नको म्हणतो."

जुली थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग मान खाली घालून म्हणाली, "बरं." कागदाची घडी केली आणि आईच्या पेटीत ठेवून दिली. रडली नाही. जेवायला वाढलं.

मला वाटलेलं, आता तरी मी सुटलो. मुलगी घरात राहिली. एका खोट्याने आई गेली, दुसऱ्या खोट्याने मुलगी वाचली. मी तसा हिशेबही केला मनात, जमला.

दुसऱ्या दिवशी माळेनंतर जुली उठली नाही, गप्प बसून राहिली. मला पण बसावं लागलं. पाच वेळा 'आमच्या बापा' झाले. उजवीकडून काही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी नाही. वाफ्यात वारा पडला तेव्हा मी फावडं टेकून उभा राहिलो, मुद्दाम गप्प. काही नाही. सात वर्षं ज्या आवाजाला मी भ्यालो तो गेला, आणि त्या जागी असं काही उरलं की ते मला सांगता येत नाही. घरात माणूस असतं आणि ते आपल्याशी बोलायचं बंद करतं, तसं. देव तर बोलतच नव्हता. आता तीही विचारत नव्हती. माझ्याकडून खरं उत्तर मिळेल ही आशाच तिने सोडली असावी.

भिवाने बघितलं. म्हणाला, "रेडिओ बंद पडला का रं? चार दिस आवाज नाय."

मी म्हटलं, "भिवा, तुझा देव तुझ्याशी बोलतो?"

"आमचा नुस्ता बघतो," भिवा म्हणाला. "तुमचा बोलतो ना? मंग बरंय तुमचं. माझी तुळसा बोलते तेवढंच मला लई होतं." मग तंबाखू तोंडात टाकून म्हणाला, "तुजी लुर्दस जाताना आमच्याकडं आलेली. तुळसाला म्हणाली, माज्या नवऱ्याला देवानं सांगितलं. आणि अशी हसत होती ना. तुळसा अजून म्हणते, कॅम्पात मरायला चाललेली बाय एवढी हसत का होती?"

"हसत होती?"

"पोट धरून."

मी फावडं तिथेच टाकलं. भिवा मागून ओरडला, "अरं, मीठ कोण ओढणार, तुजा देव?" मी थांबलो नाही. खाऱ्या चिखलाच्या पायांनी नौपाड्यापर्यंत चालत गेलो. दुपारची वेळ, दवाखान्यात गर्दी नव्हती. मला बघून जुली घाबरून बाहेर आली.

"काय झालं? पायाला लागलं?"

आम्ही पायरीवर बसलो. मी म्हटलं, "तुझी आय गेली त्याच्या आधी मी जा म्हणालो, आठवतं?"

"हो."

"मी काही ऐकलं नव्हतं. मी झोपलेलो."

ती ऐकत होती.

"या वेळी पण नाही ऐकलं काही. नको म्हणालो ते मी म्हणालो. तू राहावीस म्हणून. दोन्ही खोटं."

"या वेळचं मला कळलेलं," जुली म्हणाली.

"कसं?"

"तुम्ही माझ्याकडे बघून नाही बोललात. भिंतीकडे बघून बोललात."

"मग बरं का म्हणालीस?"

"तुम्ही कधी सांगता ते बघत होते."

आत डॉक्टरांनी कोणाला तरी हाक मारली. तिची नव्हती. मी म्हटलं, "आणि आईचं?"

जुलीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. लुर्दस पण तसंच करायची. म्हणाली, "बाबा, तुम्ही घोरत होतात."

"काय?"

"त्या दिवशी. दुसऱ्या 'आमच्या बापा'लाच सुरू झालेलं. आय माझ्याकडे बघून ओठ दाबून हसत होती. मला पण हसू आवरेना. मग तिने तुम्हाला हलवलं आणि तुम्ही म्हणालात, जा म्हणतो. आम्ही चुलीपाशी जाऊन किती हसलो. आय म्हणाली, देवाचं मराठी कच्चं आहे बघ, नुसतं जा म्हणतो, जाऊन ये म्हणायला विसरला."

मला पायरीवर बसूनही बसल्यासारखं वाटेना.

"तिला माहीत होतं, तर गेली कशाला?"

"तिला जायचंच होतं, बाबा. तिने स्वतः काय ऐकलं ते तिला कोण विचारत होतं? आपल्यात कर्त्यालाच विचारतात."

हे ती साधं बोलली, टोमणा मारला नाही. पण ते खरं होतं. सतरा वर्षं ती माझ्या उजवीकडे बसून ऐकत होती आणि मी एकदाही तिला विचारलं नाही, तू काय ऐकलंस?

जुलीला वाटलं की हे ऐकून माझं ओझं उतरेल. उतरलं नाही. उलट मी घरी येताना एकच गोष्ट डोक्यात धरून चाललो. तिला माहीत होतं मी झोपलो. माहीत असून तिने विचारलं, काय ऐकलंत? म्हणजे खरं सांगायला तिने मला जागा करून दिलेली. मी म्हटलं असतं, लुर्दस, झोप लागली गं, तर ती तिथेच हसली असती, माझ्यासमोर. आम्ही तिघं हसलो असतो. मग ती गेली असती तरी मी म्हटलं असतं, जाऊन ये. तिचं ते हसणं माझ्या वाट्याचं होतं, आणि ते चुलीपाशी माझ्या मागे झालं.

दुसऱ्या दिवशी फादरांकडे गेलो. हे फादर नवीन होते, तरुण. त्यांना मी सगळं सांगितलं, मापासकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "पायस, देव गप्प असला तर ती शांतता देवाची असते. ती तू भरायची नाहीस. काही ऐकलं नाही, असं सांगायला शिक."

"आणि मुलगी विचारते जाऊ का, तिला काय सांगू?"

"तुझं जे असेल ते सांग. फक्त तुझ्या नावाने सांग."

त्या संध्याकाळी माळ झाली. मी कोपऱ्यातली लुर्दसची चटई उलगडून उजवीकडे घातली. जुलीला म्हटलं, इथे बस. ती बसली. आम्ही गप्प राहिलो. या वेळी मी खरंच ऐकायला बसलो. शेजारच्या घरात भांडं पडलं. खाडीवरचा पक्षी ओरडला. जुलीचा श्वास. माझा श्वास. पाचवा संपला, मी खाकरलो.

"काय ऐकलंत?" जुलीने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. पहिल्यांदाच. "तू काय ऐकलंस?"

ती दचकली. मग म्हणाली, "तुमचं पोट वाजलेलं ऐकलं." आम्ही दोघं हसलो. मग ती थांबली आणि चटईकडे बघत म्हणाली, "मला जायचंय, बाबा. रोज तेच येतं मनात. ते देव आहे की मी, ते मला नाही कळत. तुम्हाला कळतं?"

"मला एकदाच कळलं," मी म्हटलं. "आणि त्यात माझ्या मनासारखं काही नव्हतं."

"मग?"

"मला भीती वाटते. हे माझं. देवाचं मला माहीत नाही."

ती पेटीपाशी गेली आणि कागद काढून आणला.

एक तारखेला सकाळी ती निघाली. हातात पत्र्याची ट्रंक, भिवा ती उचलायला आलेला. तुळसाने भाकरी बांधून दिलेली. दारातून खाली उतरून जुली वळली आणि म्हणाली, "येते हां, बाबा."

माझ्या तोंडात 'जा' आलेला. खरंच आलेला, घाईत. मी दाराची चौकट धरली.

"जाऊन ये," मी म्हटलं. "हे मी सांगतोय. देव नाही."

"कळलं," ती म्हणाली. "दोघांचे आवाज वेगळे आहेत."

पुढचे दिवस मी बोटांवर मोजले. नवव्या दिवशी वाफ्यात गेलो नाही. दारात बसून राहिलो, निरोप घेऊन कोणी येतं का ते बघत. समोरच्या वाटेने माणूस आला की मी उठून उभा राहायचो. संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही. दहाव्या दिवशी कार्ड आलं. शेजारच्या फिलिपने वाचून दाखवलं. बरी आहे, सिस्टर कडक आहेत, डाळ पातळ असते, काल एका सिंधी बाईचं बाळंतपण बघितलं, मुलगी झाली. विठ्ठलवाडीची माती पांढरी नाही बाबा, लाल आहे, असं शेवटी लिहिलेलं. मी तिला चुन्याबद्दल कधी सांगितलेलं नव्हतं. तिला कुठून कळलं, मी विचारलं नाही, अजून नाही.

त्या संध्याकाळी मी एकट्याने माळ म्हटली. चटई उजवीकडे घातलेली होती. गप्प बसलो. खूप दमलेलो, पण पाठ भिंतीला टेकू दिली नाही. पाचवा संपला. मी खाकरलो आणि थांबलो.

बराच वेळ काही नव्हतं. मग उजवीकडून, पहिल्यासारखंच, साधं.

"काय ऐकलंत?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "पण जागा आहे."